जीव, पेशी आणि जात
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय जीवशास्त्र. नांव ऐकून मागें बसलेल्या कांहीं मंडळींनीं आतांच तंबाखूच्या चंच्या सोडल्या, हें मला येथून दिसतें आहे. त्यांत त्यांचा दोष नाहीं. आपल्या शाळांतून हा विषय ज्या भाषेंत शिकविला जातो, ती ऐकून कोणाही कष्टकरी माणसास असेंच वाटावें कीं, हें आपल्या घरचें काम नव्हे. मुलगी शाळेंत 'किण्वन' हा शब्द दहा वेळां घोकते, परीक्षेंत लिहिते व गुण मिळविते. घरीं तिची आई रोज रात्रीं कोमट दुधास विरजण लावते. तीच ती क्रिया, हें त्या मुलीस कोणी सांगितलेलें नसतें. पुस्तकांत 'पिकांची फेरपालट' असा धडा असतो. आणि तुरीच्या बेवडावर ज्वारी चांगली येते हें ज्यास आजोबापासून ठाऊक आहे, तो बाप मुलाचें पुस्तक चाळतो आणि आपण अडाणी म्हणून मुकाट्यानें खालीं ठेवतो. ज्ञान घरांत, शब्द शाळेंत, आणि दोहोंची गांठ घालून देणारा कोणी नाहीं. ती गांठ आज जितकी घालतां येईल तितकी घालूं.

प्रथम जीव कशास म्हणावें? हालतो तो जीव, असें आपण सहज म्हणून जातों. मग ओढ्याचें पाणी हालतें, तें जिवंत काय? विस्तव तर हालतो, खातो, वाढतो आणि एका गंजीवरून दुसऱ्या गंजीवर जाऊन आपली प्रजा वाढवितो. तरी विस्तवास कोणी जीव म्हणत नाहीं. उलट कणगींतला ज्वारीचा दाणा पहा. वर्षभर जागच्या जागीं निपचित पडलेला असतो, पण तो जिवंत असतो. पेरल्यावर त्यांत जीव येतो असें नव्हे. कणगींत असतांनाच तो जिवंत असतो.

पुरावा पाहिजे तर ज्यांच्या गांवीं धान्याचीं पेंवें होतीं अशा म्हाताऱ्या माणसांस विचारा. पेंवाचें तोंड काढल्याबरोबर शहाणा माणूस आंत उतरत नसे. वारा खेळूं द्यावयाचा, मग दोरीनें पेटता कंदील सोडून पाहावयाचा. कंदील विझला तर थांबावयाचें. ही रीत ज्यांनीं पाळली नाहीं ते गुदमरून मेले, आणि गांव म्हणाला पेंवांत भूत आहे. तेथें भूत नव्हतें, श्वास होता. दाणा तुमच्याआमच्याप्रमाणें हवेंतला प्राणवायु घेतो आणि कर्बवायु बाहेर टाकतो. अगदीं सावकाश घेतो, पण पेंवांत दाणे किती! बंद जागेंतला प्राणवायु असा संपतो, आणि कर्बवायु हवेहून जड म्हणून तळाशीं बसून राहतो. ओलें धान्य पोत्यांत भरलें म्हणजे तें तापतें, हेंही तुम्हीं हात घालून पाहिलें असेल. ओलाव्यानें दाण्याचा श्वास जोरांत चालूं लागतो, वर बुरशीही चढते. त्या दोहोंची ती ऊब असते.

तेव्हां श्वास घेणें हें जीवाचें एक लक्षण. दुसरें, तो आंतून वाढतो. कुंभार मडकें वरून माती चढवून मोठें करतो. वेलावरचा भोपळा आंतून मोठा होतो. जीव खातो, नको तें बाहेर टाकतो, बाहेरच्या गोष्टीची त्यास जाणीव होते (लाजाळूस बोट लावून पहा, किंवा सांज झाल्यावर चिंचेचीं पानें पहा), आणि तो आपल्यासारखा दुसरा जीव उत्पन्न करतो. विस्तवाचें काय चुकतें, तें यावरून कळेल. विस्तव वाढतो खरा, पण त्याच्या आंत कांहीं रचना नाहीं. जीवाच्या आंत घरें असतात. त्या घरांकडे पुढें येतों.

त्याआधीं खाण्याविषयीं थोडें. जनावर काय खातें हें दिसतें. झाड काय खातें? आपण म्हणतों माती खातें. सुमारें पावणेचारशें वर्षांपूर्वी व्हॅन हेल्माँट नांवाच्या गृहस्थानें हें तोलून पाहिलें. एका कुंडींत भट्टींत वाळविलेली दोनशें पौंड माती घातली, तींत पांच पौंडांचें वाळुंजाचें रोप लाविलें आणि पांच वर्षें नुसतें पाणी घातलें. झाड एकशें एकोणसत्तर पौंडांवर गेलें. माती पुन्हां वाळवून तोलली तर दोन औंसांच्या आसपास कमी भरली! त्याच्या मरणानंतर १६४८ सालीं हा प्रयोग छापून निघाला. त्यानें अनुमान केलें कीं झाड सगळें पाण्याचें बनतें. तें अर्धेंच खरें होतें. दुसरा अर्धा भाग हवेंतून येतो. पानांतलें हिरवें द्रव्य सूर्याच्या उजेडाच्या बळावर पाणी आणि कर्बवायु यांची साखर करतें, व त्याच साखरेचा पुढें कडबा, कणीस, लाकूड, कापूस सर्व होतें. ज्या शब्दास पोरें भितात तें 'प्रकाशसंश्लेषण' म्हणजे इतकेंच: उजेडावर चाललेली पानांतली चूल. मातींतून झाड जें घेतें तें वजनानें फार थोडें, भाजींतल्या मिठाइतकें. पण मीठ नसलेल्या भाजीप्रमाणें त्यावांचून अडतेंच. म्हणून खतास पर्याय आहे असें या प्रयोगावरून कोणी समजूं नये.

आतां जीव येतात कोठून? कीर्तनांत आपण चार खाणी ऐकतों: जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज. वारेंतून येणारे, अंड्यांतून येणारे, घामापासून होणारे आणि जमीन फोडून वर येणारे. ज्या काळीं हें ठरलें त्या काळच्या मानानें वाटणी वाईट नाहीं. कोणी तरी डोळे उघडे ठेवून पाहिलें होतें. परंतु तिसरी खाण खोटी आहे. घामापासून, शेणापासून, कुजक्या मांसापासून किडे आपोआप होतात, ही समजूत युरोपांतही होती. १६६८ सालीं इटलींतील रेडी नांवाच्या वैद्यानें कांहीं बरण्यांत मांस ठेविलें. कांहीं उघड्या, कांहींवर बारीक कापड बांधलें. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या. कापड बांधलेल्या बरण्यांत मांस सडलें, पण त्यावर अळी पडली नाहीं. वासानें आलेल्या माशांनीं कापडावरच अंडीं घातलीं. अळी माशीच्या अंड्यांतून येते, मांसांतून नव्हे. उवांचेंही तेंच. स्वेदज ठरविणाऱ्या पंडितानें मुलीची वेणी घालणाऱ्या एखाद्या बाईस विचारलें असतें, तर तिनें फणीवरची लीख काढून त्याच्या हातावर ठेविली असती.

चौऱ्यांशी लक्ष योनींचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. शास्त्रज्ञांनीं आजवर नांवें दिलेल्या जीवांचे प्रकार वीस लाखांच्या आसपास आहेत. न सांपडलेले धरून एकंदर किती असावे, याचा अंदाज २०११ सालीं कांहीं संशोधकांनीं सत्त्याऐंशीं लाख असा केला. हें ऐकून कोणी बुवा टाळ वाजवील कीं, पहा, आमच्या पोथींत होतेंच! मंडळी, त्या सत्त्याऐंशीं लाखांत दह्यांतले, मातींतले सूक्ष्म जंतु मुळींच धरलेले नाहींत, आणि दुसऱ्यांचे अंदाज कोटींच्या घरांत जातात. आंकडा जवळ आला एवढ्यानें मोजणी केली होती असें ठरत नाहीं.

सूक्ष्म जंतु हा शब्द आलाच आहे, तर ते प्रथम कोणी पाहिले हें सांगितलें पाहिजे. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवीं १६३२ सालीं टोपल्या विणणाऱ्याच्या घरीं एक मुलगा जन्मला. आपल्याकडे असता तर बुरुडाचा पोर म्हणविला असता. नांव लेवेनहुक. मोठा झाल्यावर त्यानें कापडाचें दुकान घातलें. कापडाचा पोत आणि सूत पाहण्यासाठीं कापडवाले भिंग वापरीत. यानें स्वतःच्या हातानें लहान लहान भिंगें घासून अशीं केलीं कीं, तशीं कोणापाशींच नव्हतीं. मग त्यानें कापड सोडून तळ्याचें पाणी पाहिलें, मिऱ्याचें पाणी पाहिलें, स्वतःच्या दांतांवरचा मळ पाहिला, आणि जेथें तेथें त्यास वळवळणारे जीव दिसले. त्या काळीं विद्वानांची भाषा लॅटिन, म्हणजे तिकडची संस्कृतच. लेवेनहुकास तींतलें अक्षर येत नव्हतें. त्यानें आपल्या बोलींत, डच भाषेंत, लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रें लिहिलीं. तेथील विद्वानांस प्रथम शंका आली. पण त्यांनीं पत्रें फेंकून दिलीं नाहींत, भाषांतर करून छापिलीं, आणि पडताळा पाहून मान्य केलीं. १७२३ सालीं मरेपर्यंत तो लिहीतच होता. आपल्या इकडे त्या शतकांत एखाद्या कोष्ट्यानें असें कांहीं पाहिलें असतें, तर त्याचें पत्र कोणीं वाचिलें असतें, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

त्याच सुमारास, १६६५ सालीं, लंडनांत रॉबर्ट हुक यानें बुचाची पातळ चकती भिंगाखालीं धरली, तों तींत मधमाशांच्या पोळ्यासारखीं घरें दिसलीं. त्यानें त्यांस 'लहान खोली' या अर्थाचें नांव दिलें. आपण त्यास पेशी म्हणतों. पुढें १८३८-३९ सालांत जर्मनींतील श्लायडेन व श्वान यांनीं ठरविलें कीं झाड काय, जनावर काय, सर्व जीव पेशींचेच बनलेले आहेत. आणि पेशी पेशीपासूनच होते, हा सिद्धान्त त्यानंतर थोड्याच वर्षांत मान्य झाला. मोठ्या माणसाच्या अंगांत सुमारें तीस लाख कोटी पेशी असतात. दह्यांतला जंतु मात्र एकट्या पेशीचा. त्याचें घर, पोट, अंग सर्व तेंच. पेशीच्या आंत गुणांचे धागे असतात, त्यांस गुणसूत्रें म्हणतात. विणकर मंडळीस हा शब्द समजावून सांगावयास नको. ताण्याबाण्यावर लुगड्याचा काठपदर ठरतो, तसा या सुतांवर डोळ्यांचा रंग, दाण्याचा टपोरेपणा, दुधाचा कस पुष्कळसा ठरतो. राहिलेलें खाणेंपिणें व संगोपन ठरवितें.

आतां हे सूक्ष्म जीव आपल्या धंद्यांत कोठें भेटतात तें पाहूं. दह्याचें सांगितलें. आंबोळीचें पीठ फुगतें तेंही त्यांचेंच काम. चर्मकार बंधु कातड्यास मीठ लावतात आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यांत तें मुरवितात. ओलें कातडें सडतें म्हणजे त्यास जंतु खातात. मिठानें जंतूंस पाणी मिळत नाहीं, आणि सालींतील तुरट द्रव्य कातड्यांत असें भिनतें कीं तें जंतूंस पचत नाहीं. हें सगळें रसायन ज्यांनीं शोधून काढिलें व हजारों वर्षें चालविलें, त्यांना गांवाबाहेर बसविलें, आणि त्यांच्या हातचे जोडे घालून लोक गांवांत हिंडले.

ज्वारीच्या कणसांत दाण्याऐवजीं काळी भुकटी भरते, तीस आपण काणी म्हणतों. दृष्ट लागली, कोणीं करणी केली, म्हणून लिंबू उतरून टाकणारे अजून आहेत. ती भुकटी म्हणजे एका बुरशीचीं बीजें. मळणींत तीं चांगल्या दाण्यांस चिकटतात, पुढच्या वर्षीं दाण्याबरोबर रुजतात, रोपाच्या आंतून आंतून वर चढतात आणि कणसांत येऊन बसतात. तेव्हां करणी केली असेल तर ती आपणच गेल्या वर्षीं खळ्यावर केलेली असते! पेरणीपूर्वीं किलो बियाण्यास चार ग्रॅम बारीक गंधक चोळलें म्हणजे ही काणी आटोक्यांत येते. लिंबापेक्षां महाग पडत नाहीं.

भेंडीचीं पानें पिवळीं पडून शिरा उठतात, तो रोग मात्र बुरशीचा नव्हे, जंतूचाही नव्हे. तो विषाणूचा, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर त्यास पांढरी माशी नेते. विषाणु हा जीवाच्या उंबरठ्यावर बसलेला आहे. त्यास पेशी नाहीं, श्वास नाहीं. बाहेर तो धुळीसारखा निर्जीव. दुसऱ्याच्या पेशींत शिरला कीं तिलाच राबवून आपल्या नकला करून घेतो. त्यास जिवंत म्हणावें कीं नाहीं, यावर शास्त्रज्ञांचें एकमत नाहीं. सावकारी करणाराही असाच असतो, पण तो विषय आज नको.

बेवडाचें मात्र नीट सांगतों, कारण त्यांत तुमचे पैसे आहेत. तूर, मूग, भुईमूग, हुलगा यांपैकीं कोणतेंही रोप फुलावर येण्याच्या सुमारास ओल असतांना मुळासकट हलकेच उकरा. उपटूं नका, गाठी मातींतच तुटून राहतील. मुळांवर मोहरीएवढ्या, कोठें ज्वारीएवढ्या गाठी दिसतील. एक गांठ नखानें फोडा. आंत गुलाबी, लालसर दिसली तर ती कामावर आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर ती काम करीत नाहीं. या गाठींत जंतु राहतात. हवेचा सुमारें अठ्ठ्याहत्तर टक्के भाग नत्रवायु आहे, पण ज्वारीस किंवा गव्हास त्याचा उपयोग करतां येत नाहीं. समोर भाकरी आणि तोंड शिवलेलें, अशी त्यांची गत. हे जंतु हवेंतला नत्र घेऊन झाडास पचेल असा करून देतात, आणि झाड त्यांस साखर देतें. १८८६ सालीं जर्मनींत हेलरीगेल व विल्फार्ट यांनीं हें प्रयोगानें दाखविलें. आपल्या बलुत्यापेक्षां हा व्यवहार पुष्कळ सरळ आहे: काम थांबलें तर साखर आंखडती होते, आणि काम करणाऱ्यास कोणी अपवित्र म्हणत नाहीं. पीक निघाल्यावर मुळें, गाठी, पाला रानांतच कुजतात आणि त्यांतला नत्र मागच्या पिकास मिळतो. तोच तुमचा बेवड. म्हणून कडधान्य मुळासकट उपटून बांधावर टाकण्यापेक्षां कापून घ्यावें. एक सावधगिरी सांगून ठेवतों. वांग्याच्या, टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या तर आनंद मानूं नका. त्या सूत्रकृमि नांवाच्या बारीक जंतांच्या असतात. कडधान्याची गांठ मुळाच्या बाजूस चिकटलेली असते व बोटानें सुटते. सूत्रकृमीची सुटत नाहीं, कारण तेथें मूळच सुजलेलें असतें.

शेवटचा शब्द जात. हा शब्द जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत आहे, आणि गांवच्या पाणवठ्यावरही आहे. दोहोंचा अर्थ एक नव्हे, हें सांगण्यासाठींच मीं खरें तर आज येथें येण्याचें कबूल केलें.

शास्त्रांत जात कशी ओळखतात? ज्या नरमाद्यांपासून संतति होते, आणि त्या संततीसही पुढें संतति होते, तीं एका जातीचीं. घोडी आणि गाढव यांपासून खेचर होतें. तें कामास चिवट, पण त्यास पुढें प्रजा होत नाहीं. घोड्याचीं गुणसूत्रें चौसष्ट, गाढवाचीं बासष्ट. खेचराच्या वांट्यास त्रेसष्ट येतात आणि त्यांच्या जोड्या जुळत नाहींत. म्हणून घोडा व गाढव या दोन जाती. गाय आणि म्हैस एका दावणीस वर्षानुवर्षें बांधल्या तरी गाईस रेडा आणि म्हशीस बैल चालत नाहीं, त्याही दोन. पण खिलार, देवणी, डांगी, गवळाऊ यांचें पहा. शिंगें निराळीं, रंग निराळे, चाल निराळी, तरी खिलार गाईस देवणी वळू दाखवा, कालवड होईल, आणि तिलाही पुढें वासरूं होईल. सर्व एकच जात. हापूस, पायरी, रायवळ हे सर्व आंबे एकच जात. हा नियम सर्वत्र लागू पडतो असें मात्र नाहीं. दह्यांतल्या जंतूंत नरमादीच नसतात, तेथें दुसऱ्या खुणा पाहाव्या लागतात. परंतु माणसास तो चोख लागू पडतो.

आणि माणसाचें काय दिसतें? मराठा, महार, माळी, कुंभार, ब्राह्मण, मुसलमान, इंग्रज, हबशी, कोणाचाही कोणाशीं संबंध झाला तरी मुलें होतात, आणि त्या मुलांसही मुलें होतात. सर्वांचीं गुणसूत्रें सेहेचाळीस. लिनियस या स्वीडिश पंडितानें १७५८ सालीं सर्व मनुष्यांस मिळून एकच जातिनाम लावलें, तें आजही चालतें. कोणतींही दोन माणसें घ्या, त्यांचा गुणांचा मजकूर हजारांत नऊशें नव्याण्णव इतका सारखा असतो. उरलेल्या फरकाचीही १९७२ सालीं लेवाँटिन यानें मोजदाद केली. त्यांतला सुमारें पंच्याऐंशीं टक्के फरक एकाच लोकसमूहांतल्या माणसामाणसांत निघाला, समूहासमूहांत नव्हे. मुखापासून कोण झाला आणि पायांपासून कोण, या कथेची जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी'त धोंडिबाच्या प्रश्नांनीं जी चिरफाड केली, ती निव्वळ सरळ बुद्धीनें केली होती. भिंगाखालीं पाहिलें तरी निकाल तोच.

यावर कोणी म्हणेल, मग जाती शेंकडों वर्षें वेगळ्या राहिल्या त्या उगीच काय? उगीच नव्हे, मुद्दाम. हैदराबादच्या पेशी व रेणु संशोधन केंद्राचे आणि अमेरिकेचे संशोधक यांनीं मिळून २०१३ सालीं हिंदुस्थानांतील अनेक समाजांच्या गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारें बेचाळीसशें ते एकोणीसशें वर्षांपूर्वींपर्यंत येथें निरनिराळ्या लोकांची सरमिसळ सर्वत्र होत होती. पुढें ती आटली आणि लग्नें आपापल्या कोंडाळ्यांत होऊं लागलीं, असें त्यांस आढळलें. म्हणजे कुंपण मागाहून घातलेलें आहे, आणि माणसानें घातलेलें आहे. त्याचा तोटाही होतो. घरच्या कालवडीस घरचाच वळू पिढ्यानपिढ्या दाखवूं नये, हें कोणाही गोठेवाल्यास सांगावें लागत नाहीं. कांहीं रोग असे असतात कीं, आई व बाप या दोघांकडून एकच बिघडलेलें सूत आलें तरच मूल आजारी पडतें. कोंडाळें जितकें लहान, तितका असा योग येण्याचा संभव अधिक. मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची आपल्याकडे आवड आहे. त्या घरांनीं हें डॉक्टरास एकदां विचारून घ्यावें.

माझ्यापुरतें म्हणाल तर पुस्तकांत 'जात' हा शब्दच नसावा असें मला वाटतें. लहान मुलगा वर्गांत 'वाघाची जात, सिंहाची जात' शिकतो, घरीं 'आपली जात, त्यांची जात' ऐकतो, आणि वाघसिंहांइतकीच माणसें निराळीं असावींत असें मनांत धरून बसतो. 'जीवप्रकार' म्हटलें तर काय बिघडेल?

रक्ताविषयीं सांगून पुरें करतों. आमचें रक्त निराळें, असें आपण ऐकतों. रक्ताचे गट आहेत खरे. १९०१ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यानें ते शोधून काढले. आज ए, बी, एबी आणि ओ असे ते ओळखले जातात. हे चारही गट प्रत्येक जातींत, प्रत्येक धर्मांत सांपडतात. सख्ख्या भावांचे गट निराळे असूं शकतात. भावाचें रक्त चढविलें तर माणूस दगावेल, आणि ज्याच्या हातचें पाणी घरांत चालत नाहीं त्याचें चढविलें तर जगेल, असें होऊं शकतें. मळणीयंत्रांत हात गेला किंवा बाळंतीण अडली म्हणजे रात्रीं अपरात्रीं हीच धांवाधांव होते. तेव्हां ज्यांस आपला गट ठाऊक नसेल त्यांनीं जवळच्या सरकारी दवाखान्यांत बोटास टोंचून तो पाहून घ्यावा, घरांतल्या सर्वांचा एका कागदावर लिहावा आणि तो कागद शिधापत्रिकेबरोबर ठेवावा.